जुन्या तलावांची पाळ आणि आपले कर्तव्य

मृग तोंडावर आला म्हणजे शेतकरी बांधबंदिस्ती पाहतो, घराचे छप्पर पाहतो, बियाण्याची उगवण पाहतो. परंतु ज्या तलावाच्या भरवशावर त्याची रब्बी उभी राहते व ज्याच्या पोटाखाली त्याचे गाव वसलेले असते, त्या तलावाची पाळ पाहण्यास तो क्वचितच जातो. ते काम सरकारचे, अशी आपली समजूत आहे. ही समजूत घातक आहे, असे आमचे मत असून नांदेड व लातूर जिल्ह्यांतील वाचकबंधूंपुढे त्याविषयी चार शब्द मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या भागातील धरणे आता नवी राहिलेली नाहीत. कंधार तालुक्यातील बारूळचे निम्न मानार धरण साठ वर्षांच्या घरात आले. ज्या मांजरा धरणावर लातूर शहराची तहान भागते, ते धनेगावचे धरण १९८० च्या सुमाराचे. याखेरीज १९७२ च्या दुष्काळात गावोगाव पाझर तलावांची कामे निघाली. हातांस काम व पोटास भाकर मिळावी हा त्या कामांचा पहिला हेतू होता आणि तो सफल झाला, याबद्दल आपण कृतज्ञच असले पाहिजे. परंतु त्या पाळींना आता पन्नास वर्षे उलटून गेली, हे विसरून चालणार नाही.

वय झाले म्हणजे धरण फुटतेच, असे मात्र मुळीच नाही. राष्ट्रकूटांच्या काळचा जगत्तुंग समुद्र आजही कंधारात पाहावयास मिळतो. उलट चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील धरण सुमारे वीस वर्षांचेच होते. ते २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वीसहून अधिक माणसे बळी पडली. धरण गळते आहे, अशी तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तेव्हा धरणाचा खरा शत्रू वय नसून हयगय आहे.

मातीच्या धरणातून थोडे पाणी झिरपणे स्वाभाविक आहे. ते स्वच्छ असून वर्षानुवर्षे सारखेच येत असेल, तर फारशी भीती नाही. परंतु तेच पाणी गढूळ येऊ लागले किंवा एकाएकी वाढले, तर आतील माती वाहून जात आहे व पाळीच्या पोटात बोगदा पडत आहे असे निश्चित समजावे. पाळीवर वाढलेल्या बाभळीची मुळे कुजली म्हणजे त्यांच्या जागी पोकळी राहते. घुशी व खेकडे बिळे पाडतात. आणि विमोचकाचे बांधकाम जेथे मातीस मिळते तो सांधा तर सर्वांत नाजूक. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हा धरणाचे काम पुरे व्हावयाचे होते आणि दुखणे या विमोचकापाशीच निघाले. त्या लोंढ्याने ऐंशी वर्षे उभे असलेले खडकवासल्याचे दगडी धरणही नेले आणि पुणे शहर बुडाले.

आपल्या मुलखास आणखी दोन गोष्टींचे भय आहे. पहिली काळी माती. ही माती पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते. २०१६ मध्ये लातुरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, इतके तलाव आटले होते. अशा वर्षी काळ्या मातीची उघडी पडलेली पाळही शेताप्रमाणेच तडकते, आणि पुढील पावसाळ्यात तलाव एकदम भरला की पाणी प्रथम त्या भेगाच शोधते. दुसरी गोष्ट भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट कोण विसरेल? २०२४ च्या मार्च व जुलै महिन्यांत हिंगोली जिल्ह्यात झालेले धक्के नांदेडातही जाणवले. असा धक्का बसल्यावर आपण घराच्या भिंती पाहतो. त्याच दिवशी तलावाची पाळही पाहिली पाहिजे.

सरकारने काही केले नाही, असे आम्ही म्हणत नाही. धरण सुरक्षा कायदा २०२१ साली झाला. पंधरा मीटरहून उंच धरणे, तसेच दहा ते पंधरा मीटर उंचीची काही धरणे त्याच्या कक्षेत येतात, आणि त्यांची पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी करणे बंधनकारक आहे. परंतु दहा मीटरहून कमी उंचीचे गावतलाव व पाझर तलाव या कायद्याबाहेर राहिले. लहान तलाव लहान गावाच्या डोक्यावरच असतो. गावास तो मोठ्या धरणाइतकाच प्राणघातक ठरू शकतो.

येथे आपल्या दोषाचीही कबुली दिली पाहिजे. मोटारीची पाइपलाइन नेण्यासाठी पाळ खोदणारे आपणच, पायथ्याचा मुरूम उचलणारे आपणच, आणि सांडव्यात पीक घेऊन पुराची वाट अडवणारेही आपणच. २०१७ पासून तलावांतील गाळ काढून शेतात टाकण्याची योजना चालू आहे. ती उत्तम आहे. परंतु पाळीलगतचा गाळ खरवडला, तर पाणी अडवणारा थरच जातो. तेवढी जागा सोडूनच गाळ काढावा.

कोणी म्हणेल, शेतकऱ्याने इंजिनियरचे काम करावे काय? करू नये. दुरुस्ती इंजिनियरनेच करावी. परंतु वैद्य येईपर्यंत रोग्याची नाडी घरच्यांनीच पाहावयाची असते. सबब प्रत्येक गावाने मृगापूर्वी एकदा व दसऱ्यानंतर एकदा पाळीवरून व पायथ्याने फिरावे, झिरपा, भेगा, खचलेली जागा व झाडोरा यांची नोंद ग्रामसभेच्या वहीत करावी आणि तिची प्रत संबंधित कचेरीत देऊन पोच घ्यावी. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

सरकारकडे आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. प्रत्येक तलावावर त्याचे बांधकामाचे वर्ष व जबाबदार कचेरीचे नाव लिहिलेली पाटी असावी; कारण जिल्हा परिषद, जलसंधारण व जलसंपदा या तीन घरांत पाहुणा उपाशी राहतो. तपासणीचा अहवाल मराठीत ग्रामपंचायतीत लावावा. आणि पूर येण्यापूर्वी खालच्या गावांस रात्रीही सूचना पोहोचेल अशी सोय असावी. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातील हसनाळ व आसपासच्या गावांत पाणी शिरून माणसे व जनावरे दगावली, तो घाव अजून ओला आहे.

तलाव बांधताना आपल्या वाडवडिलांनी डोक्यावर माती वाहिली. ती पाळ राखण्यासाठी आपणांस वर्षातून केवळ दोन सकाळी खर्चावयाच्या आहेत. हा अंक हाती पडताच वाचकांनी पहिली सकाळ ठरवावी, एवढीच आमची विनंती आहे.