कानातला भाष्यकार : 'स्वयंमार्गदर्शित' फेरी आणि वाचकस्वातंत्र्याचा भ्रम

वाचककेंद्री समीक्षेची परिभाषा मराठीत रुळली आणि ती साहित्यकृतीच्या वाचनापुरती मर्यादित राहिली नाही, हे योग्यच झाले. परंतु एखादी परिभाषा आपले क्षेत्र ओलांडते तेव्हा तिची शिस्तही तिच्यासोबत जातेच असे नाही. संग्रहालय, शहर, जाहिरात, पर्यटन या साऱ्यांना 'संहिता' म्हणण्याची सोय झाल्यापासून त्या संहितेच्या प्रत्येक उपभोक्त्याला 'अर्थनिर्माता वाचक' म्हणण्याची सवयही जडली आहे. ध्वनिमुद्रित निवेदन ऐकत स्वतःच्या मोटारीतून करावयाची 'स्वयंमार्गदर्शित' फेरी हे या सवयीचे बोलके उदाहरण. गाडीत मार्गदर्शक नाही, समूहाचे बंधन नाही, वाटेल तेथे थांबता येते, वाटेल तेव्हा आवाज बंद करता येतो. तेव्हा हा प्रवासी म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर जन्मलेला वाचकच होय, असा युक्तिवाद केला जातो. युक्तिवाद आकर्षक आहे, आणि तो चुकीचा आहे. तो कोठे चुकतो हे तपासण्यासाठी सिद्धान्तापेक्षा एखादा प्रत्यक्ष रस्ता अधिक उपयोगी पडेल.

अमेरिकेच्या यूटा राज्यातील झायन राष्ट्रीय उद्यानाचा रस्ता त्यासाठी घेता येईल. व्हर्जिन नदीच्या उत्तर शाखेने वालुकाश्मात कोरलेली ही वाळवंटी प्रदेशातील घळई. हा वालुकाश्म म्हणजे ज्युरासिक काळातील वाळूच्या टेकड्यांचा दगड झालेला विस्तार. घळईच्या तळातील रस्त्यावर २००० सालापासून वर्षाचा बहुतेक काळ उद्यानाची बस चालते आणि खासगी मोटारींना मज्जाव असतो. त्यामुळे मोटारीतल्या फेरीचा खरा रंगमंच म्हणजे १९३० साली खुला झालेला झायन–माउंट कार्मेल रस्ता. प्रवासी निवेदन आधीच मोबाइलमध्ये उतरवून घेतो, कारण अशा प्रदेशात संपर्काचा भरवसा नसतो. पुढचे काम उपग्रह करतात. मोटार ठरलेल्या बिंदूवरून गेली की ठरलेला परिच्छेद आपोआप सुरू होतो : डावीकडे पाहा, पुढच्या वळणानंतर गाडी उभी करायला जागा आहे, समोरच्या कड्याचे नाव अमुक. मे २००० मध्ये अमेरिकन शासनाने नागरी वापराच्या उपग्रहसंकेतांत मुद्दाम ठेवलेली अस्पष्टता काढून टाकली. त्यापूर्वी हा वाङ्मयप्रकार इतक्या नेमकेपणाने संभवला नसता.

'वाङ्मयप्रकार' हा शब्द येथे विचारपूर्वक योजला आहे. ही लिहिलेली संहिता आहे, तिला निवेदक आहे, गर्भित श्रोता आहे, आणि तिचा सारा डोलारा निर्देशक पदांवर उभा आहे. 'हे', 'येथे', 'आता', 'डावीकडे' ही पदे प्रवासवर्णनातही येतात. पण तेथे ती पोकळ असतात. वाचक खुर्चीत बसलेला असतो आणि लेखकाचे 'येथे' त्याला कल्पनेने भरावे लागते. वोल्फगांग इझरने ज्यांना संहितेतील रिक्त जागा म्हटले त्यांचा हा अगदी प्राथमिक नमुना. ध्वनिफेरीत ही रिक्त जागा उरतच नाही. वाचकाने करावयाचे काम यंत्र करून टाकते आणि वाचकाकडे उरते ते फक्त मान वळवणे. ज्या संहितेत 'येथे' या पदाचा अर्थ वाचकाच्या आधी उपग्रहाला कळतो, तिच्या वाचकाला अर्थनिर्माता कोणत्या आधारावर म्हणायचे?

मराठीच्या अभ्यासकाला या ठिकाणी महानुभावांच्या 'स्थानपोथी'ची आठवण होणे स्वाभाविक आहे. चौदाव्या शतकातला हा गद्यग्रंथही मार्गदर्शक नसलेल्या प्रवाशासाठीच आहे. चक्रधरांचे वास्तव्य जेथे घडले ती स्थाने तो नोंदवतो : गावाच्या कोणत्या दिशेला, देवळाच्या कोणत्या अंगाला, दार कोणीकडे तोंड करून. पण पोथीतले 'येथे' यात्रिकाला शोधून काढावे लागते. देऊळ पडलेले असेल, वस्ती सरकलेली असेल, चार माणसांना विचारावे लागेल, ती चौघे चार दिशा दाखवतील. पोथी आणि भूमी यांतले अंतर यात्रिकाचे पाय आणि त्याचा संशय मिळून भरून काढतात. हे वाचन आहे. श्रद्धेने बांधलेले असूनही ते वाचन आहे, कारण त्यात चुकण्याला वाव आहे. ध्वनिफेरीत चुकीचा रस्ता घेता येतो; चुकीचे वाचन करता येत नाही.

आता नावांकडे वळता येईल. या घळईला १९०९ साली राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी संरक्षित स्मारकाचा दर्जा दिला तेव्हा तिचे अधिकृत नाव 'मुकुंटुवीप' असे होते. १८७२ च्या सुमारास भूमापक जॉन वेस्ली पॉवेल याने दक्षिण पायूट लोकांकडून ऐकून ते टिपले होते. (म्हणजे तेही एका परक्या कानाने केलेले लिप्यंतर; ते 'मूळ' नाव म्हणून पूजण्याचे कारण नाही.) १९१८ मध्ये हे नाव काढून 'झायन' ठेवण्यात आले. मॉर्मन वसाहतकार आयझॅक बेहुनिन याने १८६० च्या दशकात वापरलेले हे बायबलमधले नाव स्थानिक गोऱ्या रहिवाशांना जवळचे होते, आणि आधीचे नाव उच्चारायला अवघड ठरवले गेले होते. १९१९ साली काँग्रेसने त्याच नावाने राष्ट्रीय उद्यान निर्माण केले. दरम्यान १९१६ मध्ये फ्रेडरिक फिशर हा मेथडिस्ट धर्मोपदेशक आपल्या साथीदारांसह घळईत फिरून गेला होता. 'ग्रेट व्हाइट थ्रोन', 'एंजल्स लँडिंग' आणि अब्राहम, आयझॅक, जेकब हे 'तीन कुलपुरुष' ही आज प्रत्येक नकाशावर असलेली नावे त्या एका फेरीची देणगी.

फिशरने काय केले? तो रस्त्याने जात होता आणि समोर कडा दिसला की बोलत होता. ध्वनिफेरीचा निवेदक आज तेच करतो. फरक एवढाच की फिशरला सुचत होते आणि निवेदक पाठ केलेले म्हणतो. ही फेरी म्हणजे घळईवरचे भाष्य आहे असे समजणे भाबडेपणाचे आहे. ते १९१६ च्या भाष्यावरचे भाष्य आहे आणि मधले सारे थर ते गिळून टाकते. सिंहासन, देवदूत, कुलपुरुष ही रूपके निवेदनात रूपके म्हणून येतच नाहीत, पत्ता म्हणून येतात. 'उजवीकडे तीन कुलपुरुष' या वाक्यात व्याकरणदृष्ट्या कुलपुरुषांचे अस्तित्व गृहीतच धरलेले आहे. मृत रूपक म्हणजे काय हे पदव्युत्तर वर्गात समजावून सांगायचे असेल तर याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

जाता जाता एक गोष्ट नोंदवावी. याच पठारी प्रदेशात ग्रँड कॅनियनमधील सुळक्यांना 'विष्णु टेंपल', 'शिवा टेंपल' अशी नावे आहेत. भूवैज्ञानिक क्लॅरेन्स डटन याच्या १८८० च्या दशकातील लेखनाची ती देन. तेथे जाणाऱ्या भारतीय प्रवाशाला, मराठी प्रवाशालाही, ही नावे ऐकून आपलेपणा वाटतो. पण तो आपलेपणा डटनने भारतीयांसाठी निर्माण केलेला नव्हता. पूर्वेकडील दैवते ही त्या काळच्या पाश्चात्त्य लेखणीला भव्यतेसाठी हाताशी असलेली सजावट होती, एवढाच त्याचा अर्थ. ज्यांना 'शिवा टेंपल' ऐकून भरून येते त्यांनी फिशरच्या देवदूतांना हसू नये.

रोलाँ बार्तचा आधार घेऊन स्वयंमार्गदर्शित प्रवाशाचा जयजयकार करणाऱ्यांना बार्त १९६७ पासून सुरू होतो. त्याच्या 'मिथॉलॉजीज' या १९५७ च्या पुस्तकात 'ब्लू गाइड' या मार्गदर्शक पुस्तकमालेवर एक छोटा निबंध आहे, तो मात्र क्वचितच उद्धृत होतो. त्या निबंधाचा रोख असा की, मार्गदर्शिकेला निसर्ग म्हणजे फक्त चढउताराचा, नयनरम्य निसर्ग. आणि देशातली जिवंत माणसे तिच्या लेखी स्मारकांपुढे नाहीशी होतात किंवा ठोकळेबाज नमुने बनून उरतात. प्रवाशाला स्वातंत्र्य देण्याचा आव आणणारी मार्गदर्शिकाच त्याला आंधळे करते, असा निष्कर्ष त्यातून निघतो. लेखकाच्या मृत्यूची घोषणा करणाऱ्यानेच दहा वर्षे आधी मार्गदर्शिका जिवंत असून भलतीच सशक्त आहे असे सांगून ठेवले होते. अर्धाच बार्त वाचण्याची ही सोय सिद्धान्ताला परवडणारी नाही.

योगायोग असा की त्याच १९५७ साली अमेरिकेत फ्रीमन टिल्डन याचे 'इंटरप्रिटिंग अवर हेरिटेज' प्रसिद्ध झाले. राष्ट्रीय उद्यानांतील मार्गदर्शनाला त्याने 'अर्थनिर्णयन' म्हटले आणि त्याची सहा तत्त्वे मांडली. माहिती म्हणजे अर्थनिर्णयन नव्हे, आणि अर्थनिर्णयनाचा हेतू शिकवणे नसून डिवचणे हा आहे, ही त्यांतली दोन. साहित्यसमीक्षेच्या अभ्यासकांनी या पुस्तकाकडे जवळजवळ पाहिलेले नाही. सूझन सोंटागचा अर्थनिर्णयनाविरुद्धचा प्रसिद्ध निबंध १९६४ चा. दोघांचा शब्द एकच, पण दोघांची गाठ कोणत्याही चर्चेत सहसा पडत नाही. टिल्डनला हवा होता तो श्रोत्याचा चेहरा पाहून बोलणारा जिवंत मनुष्य. ध्वनिफेरीने त्याची भाषा उचलली आणि चेहरा काढून टाकला. डिवचणे दुतर्फी असते. ज्याला उत्तर देता येत नाही तो आवाज डिवचू शकत नाही, फार तर रंजन करू शकतो. दोन थांब्यांमध्ये पेरलेले विनोद आणि संगीत याचीच साक्ष देतात.

दुसऱ्या टोकाचे आक्षेपकही येथे उपयोगाचे नाहीत. आवाज बंद करा, घळई स्वतःच बोलेल, असे म्हणणारा एक सोवळा पक्ष आहे. वॉकर पर्सी याचा ग्रँड कॅनियनविषयीचा निबंध त्याचे बलस्थान : १५४० साली तेथे पोहोचलेल्या स्पॅनिश गार्सिआ लोपेझ दे कार्देनास याला ते दृश्य जसे दिसले तसे आजच्या पर्यटकाला दिसूच शकत नाही, कारण चित्रे आणि माहितीपत्रके यांनी ते आधीच व्यापलेले असते. मांडणी मार्मिक आहे, पण तिचा पायाच पोकळ आहे. कार्देनासला त्या कड्यापर्यंत होपी वाटाड्यांनी नेले होते. आद्य, निर्मळ म्हणून ज्या पाहण्याचा दाखला दिला जातो ते पाहणेही मार्गदर्शितच होते. फक्त त्या मार्गदर्शकांचा आवाज पर्सीच्या निबंधाला ऐकू येत नाही.

झायनचा रस्ताही असाच आधी लिहिलेला आहे. त्यावरचा सुमारे १.१ मैलांचा बोगदा कड्याच्या आतून, कड्याला लगटून जातो. बांधताना कड्याच्या अंगाला ठिकठिकाणी मोठी गवाक्षे कोरली. सुरुवातीच्या काळात तेथे मोटार उभी करून खालची घळई पाहता येत असे. पुढे वाहतुकीच्या सुरक्षेसाठी थांबणे बंद करण्यात आले. आज अंधारातून जाताना उजेडाची एक चौकट क्षणभर उघडते आणि मिटते. बोगद्यात उपग्रहाचा संकेत पोहोचत नाही. निवेदनाच्या नव्या परिच्छेदाला तेथे चालना मिळू शकत नाही. सोवळ्या पक्षाला हवी असलेली नीरवता नेमकी येथे मिळते, आणि नेमके येथेच दृश्य सर्वाधिक चौकटबद्ध असते : काय पाहावे, किती पाहावे, कोणत्या कोनातून पाहावे हे अभियंत्यांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच ठरवून टाकलेले. आवाज बंद केल्याने संहिता संपत नाही.

म्हणून प्रश्न भाष्य असावे की नसावे हा नाही. भाष्य कोणाचे, आणि त्यातली क्रियापदे कोणत्या काळातली, हा आहे. अशा निवेदनांत दक्षिण पायूट लोकांचा उल्लेख नसतो असे म्हणणे अन्यायाचे होईल; अलीकडे तो बहुधा असतो. पण तो सहसा आरंभी असतो आणि भूतकाळात असतो : येथे राहत, शिकार करीत, मका पिकवीत. मग वसाहतकार येतात आणि क्रियापदे हळूहळू वर्तमानाकडे सरकतात. कथनमीमांसेच्या भाषेत सांगायचे तर पायूट हे या कथनात पूर्वरंगापुरते आहेत. प्रत्यक्षात यूटातील पायूट गटांची संघराज्यीय मान्यता १९५४ च्या कायद्याने काढून घेण्यात आली आणि दीर्घ प्रयत्नांनंतर १९८० मध्ये ती त्यांनी परत मिळवली. शिव्हविट्स पायूटांची राखीव भूमी सेंट जॉर्ज शहराजवळ आहे, कैबाब पायूटांची ॲरिझोनाच्या उत्तर सीमेलगत. झायनहून तेथे मोटारीने पोहोचायला एक दिवसही लागत नाही. ज्यांच्याविषयी 'राहत असत' असे कानात सांगितले जाते ते लोक त्याच महामार्गांवरून, कदाचित शेजारच्याच मोटारीतून, जात असतात.

या व्याकरणाकडे लक्ष वेधणे हे समीक्षेचे काम होते. 'स्वयंमार्गदर्शित' या विशेषणाने भारावून जाऊन तिने ते सोडून दिले. जो प्रवासी निवेदकाला थांबवू शकतो पण त्याला प्रश्न विचारू शकत नाही, त्याच्या बोटाखालच्या कळीला तिने वाचकाचे स्वातंत्र्य म्हटले. इझरचा वाचक संहितेतल्या मौनाशी झुंजतो. ध्वनिफेरीतले मौन म्हणजे दोन बिंदूंमधले अंतर. तेथे प्रवाशाला वाटते की पाहण्यासारखे काही नाही, म्हणून तो वेग वाढवतो. त्या वाढवलेल्या वेगात मागे पडणाऱ्या दगडांना, ओढ्यांना, झुडपांना पायूट भाषेत नावे आहेत. मुकुंटुवीप हे त्यांतले एक, तेही नकाशावरून १९१८ सालीच उतरलेले.