दादांचा वस्तरा

मागच्या उन्हाळी सुट्टीत आमच्या हातून एक नुकसान झाले, ते आधी सांगून टाकतो.

धाकट्या भावाला मुलगी झाली होती. अकीक्याची तयारी चाललेली. अम्मी म्हणाली, "बाळाचे केस दादांच्या वस्तऱ्याने उतरवा." मरहूम दादा नामपुरात हज्जाम होते. धोकटी काखेत मारून मोसम नदीकाठच्या वस्त्यांवर पायी फिरायचे आणि मजुरी सुगीला धान्यात घ्यायचे. पेटीतून दोन वस्तरे निघाले. एक नुसता गंजलेला, दुसऱ्याची मूठही तडकलेली.

पहिला आम्ही दारावर आलेल्या सायकलवाल्या धारवाल्याला दिला. चाक फिरले, ठिणग्या उडाल्या आणि पात्याची कड निळी पडली. निळा रंग म्हणजे पोलाद तापले, त्याचे पाणी उतरले. आता त्याला धार लावली तरी टिकायची नाही. धारवाल्याला काय बोलणार? तो विळे-कोयते लावतो. वस्तऱ्याचे पाते दोन्ही बाजूंनी पोकळ घासलेले, कडेला कागदासारखे पातळ. ते चाकावर द्यायचेच नसते, हे हज्जामाच्या नातवाला माहीत नव्हते.

दुसरा घेऊन मालेगावला एका वयस्क कारागिराकडे गेलो. धंदा मुलांवर सोपवलेला, पण सहाण अजून जवळ होती. त्यांनी आधी मूठ नाकाला लावली. जुना सेल्युलॉइड. तो सडू लागला की त्यातून निघणारी आंबट वाफच पात्याला गंजवते, शिवाय तो चटकन पेट घेतो. म्हणून मूठ आधी काढली, पाते वेगळे केले. मग शिलाई मशीनचे तेल आणि बारीक वॉटर पेपर. घासायचे ते पाठीकडून, बोट धारेपासून लांब ठेवून. काळे खड्डे धारेपर्यंत पोहोचले नसतील तर तसेच राहू द्यायचे. ते काढण्याच्या नादात पातेच संपते.

सहाणेवर वस्तरा आडवा ठेवायचा, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या. कोन आपण धरायचा नसतो, पाठीची जाडीच तो धरते. दगडावर धार पुढे, चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे. उलटे केले की पट्टा कापला जातो. आमच्याकडून तो दोनदा कापला गेला. "मास्तर, फळ्यावर लिहिताना एवढा जोर लावता का?" चाचा म्हणाले.

गंज निघाल्यावर दांडीवर 'सोलिंगेन' हे नाव दिसले. जर्मनीतले हे गाव पात्यांसाठी शेकडो वर्षे प्रसिद्ध आहे. तिथे न बनलेल्या पात्यावर हे नाव घालू नये, असा कायदाच 1938 साली झाला. तसेच इंग्लंडचे शेफील्ड. जिलेटला सेफ्टी रेझरचे पेटंट 1904 मध्ये मिळाले आणि घराघरांतला वस्तरा हळूहळू गेला. सलूनमध्ये तो टिकला, पण एड्सची भीती पसरल्यावर तिथेही अर्धी ब्लेड अडकवायचा वस्तरा आला. (उर्दूत उस्तरा, मराठीत वस्तरा, शब्द एकच. वर्गात सांगितले की मुले हसतात.)

हा नाद लागल्यावर मुंबईच्या चोर बाजारातही गेलो. कोणी घ्यायला जाणार असेल तर पाते उजेडात तिरपे धरून पाहा. केसाएवढी चीर दिसली तर परत ठेवा, तिला उपाय नाही. पाठ एका बाजूने जास्त झिजलेली नको. आरशासारखे चकाकणारे पाते विक्रेता कौतुकाने दाखवतो. आम्हाला तेच संशयाचे वाटते, कारण मशीनवर घासताना ते तापलेले असू शकते. आणि पांढऱ्या मुठीत एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसली तर ती हस्तिदंताची असण्याचा संभव आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे. हात लावू नका.

अकीक्याला मात्र आम्ही पाकिटातली नवी ब्लेड आणली. खड्डे पडलेले जुने पाते नुसते डेटॉलने पुसून निर्धोक होत नाही, आणि रक्तातून कावीळ ब, एड्स पसरतात. टाळू न भरलेल्या बाळावर ही परीक्षा कशाला? अम्मी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मग तो ताटात तरी ठेवा."

ताटात ठेवायला भावाचा विरोध. "पाहुणे विचारतील. उद्या मुलीची सोयरीक करायची आहे," तो म्हणाला. मुलगी सात दिवसांची! पण त्याला हसायचा आम्हाला हक्क नव्हता. बीएडला असताना कोणी विचारले की आम्हीही "दादांचा व्यवसाय होता" एवढेच सांगत असू. कसला, हे कोणी पुढे विचारू नये म्हणून लगेच विषय बदलत असू.

वस्तरा ताटात ठेवला, केसांच्या वजनाच्या चांदीशेजारी. जेवणे झाल्यावर शेजारच्या वस्तीवरचे एक आजोबा उठले. त्यांनी तो उघडला आणि मनगटावरचे चार केस अलगद उतरवून पाहिले. भाऊ बाजूलाच पाण्याचा जग घेऊन उभा होता.

"हा तुमच्या दादांचा. माझी पहिली दाढी यानेच झाली," ते म्हणाले. मग नवी शिसवी मूठ तळहातावर तोलून बघितली. "धार बरी लागलीय. मूठ जड झाली. त्यांना आवडली नसती."

भावाने जग खाली ठेवला आणि विचारले, "मग कशाची हवी होती?"