घरातला धडा आणि धड्यासाठी घर

मराठी ख्रिस्ती नियतकालिकांतून आणि पॅरिशच्या अंकांतून एक लेखनप्रकार गेली कित्येक वर्षे नेमाने येत आहे. मुलाच्या हातून दूध सांडते, आई रागावते, मग तिला वधस्तंभाची आठवण होते आणि ती मुलाला जवळ घेते. किंवा वडील सायकल शिकवताना मागचा हात सोडतात, आणि तो सोडलेला हात म्हणजे देवाची आपल्यावरची भिस्त असल्याचे शेवटच्या परिच्छेदात कळते. आम्ही हे लेख वाचतो. त्यांची टवाळी करण्याचा हेतू नाही. लिहिणाऱ्यांची श्रद्धा खरी असते आणि बहुधा दूधही खरेच सांडलेले असते. तरीही असे चार लेख सलग वाचले की मनात एक शंका उरते. यातले घर कुठे गेले? धडा मिळाला की मूल, दूध, फरशी पुसणारे फडके, सगळे नाहीसे होते. घर हे धड्याचे निमित्त उरते.

या शंकेला काही आकार आला तो कोर्लईमुळे. रेवदंड्याहून कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडून मुरुडच्या रस्त्याला लागले की डाव्या-उजव्या हाताला माड-पोफळी सुरू होतात आणि थोड्याच वेळात समुद्रात घुसलेली ती डोंगराची सोंड दिसते. वर किल्ला, पायथ्याशी गाव. पर्यटक किल्ला आणि दीपगृह पाहून परततात. गावातल्या ख्रिस्ती वस्तीत जी भाषा बोलली जाते ती मात्र साऱ्या कोकणात दुसरीकडे कुठे ऐकू येत नाही. शब्द बहुतांशी पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठीची, क्रियापद शेवटी. बोलणारे तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. त्यांची संख्या हजाराच्या आसपास. क्लान्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९९६ साली तिच्यावर सबंध ग्रंथ लिहिला.

पोर्तुगीजांनी चौल सोडले १७४० साली. सत्ता मराठ्यांकडे गेली, रेवदंड्याच्या कोटातली चर्चे आणि मठ ओस पडत गेले. त्यांच्या भिंती आजही नारळीच्या बागांतून उभ्या आहेत. ज्यांनी हा धर्म आणला त्यांचे गलबत निघून गेले आणि मागे राहिली ती शेतावर राबणारी, जातीच्या उतरंडीत खालची माणसे. हिंदू शेजाऱ्यांपासून धर्माने वेगळी, आणि गोऱ्या धन्यांपासून तर आधीपासूनच वेगळी. चर्चमधली उपासना लॅटिनमध्ये, पाद्र्यांची भाषा पुस्तकी पोर्तुगीज, बाजाराची मराठी. नौ लिंगला ना शाळा, ना छापखाना. ती टिकली ती चुलीपाशी, शेताच्या बांधावर, पोरांना दटावण्यात. आणि आमच्या मते तिच्याबरोबर जो विश्वास टिकला त्याचीही मुख्य जागा तीच होती.

याला जोड म्हणून याच किनाऱ्यावरचा दुसरा समाज पाहावा. अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्रायल शेजाऱ्यांना ‘शनवार तेली’ म्हणून माहीत होते, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. दीर्घकाळ त्यांच्यापाशी धर्मग्रंथ नव्हते, धर्मगुरू नव्हते. मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध, ‘शेमा’ ही एक प्रार्थना आणि आठवड्यातून एक दिवस थांबलेला घाणा, एवढ्यावर त्यांनी आपले यहुदीपण सांभाळले. त्या घाण्यापासून कुणी बोध काढत बसले नव्हते. घाणा थांबणे हाच धर्म होता.

१९६४ साली द्वितीय व्हॅटिकन परिषदेने कुटुंबाला ‘घरगुती चर्च’ म्हटले, आणि तेव्हापासून हा शब्द प्रवचनांतून फार स्वस्त झाला आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या आपल्या कुटुंबविषयक पत्रात घराला तीन शब्द आवश्यक असल्याचे सांगितले: परवानगी मागणे, आभार मानणे, क्षमा मागणे. सल्ला चांगलाच आहे. पण तो मराठी घरात जसाच्या तसा उतरवू पाहणाऱ्यांची आम्हांला गंमत वाटते. आईला ‘धन्यवाद’ म्हणणारा मुलगा आमच्याकडे चेष्टेचा विषय होईल. आई म्हणेल, मी काय परकी आहे का? नवराबायकोचे भांडण ‘क्षमा कर’ने मिटलेले आम्ही क्वचितच पाहिले. ते मिटते ‘पान वाढलंय’ या दोन शब्दांनी. उशिरा येणाऱ्यासाठी झाकून ठेवलेल्या दोन भाकऱ्या, नको म्हणत असतानाही हातावर ठेवलेली माशाची तुकडी, हे आमचे आभार आणि हीच आमची क्षमा. धडा असलाच तर तो या रूपात आहे, आणि तो भाषांतरित प्रवचनातून निसटतो.

मराठीत याची कसोटी पाहायची तर लक्ष्मीबाई टिळकांकडे जावे लागते. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. पुस्तक ख्रिस्ती बाईने लिहिले आहे, त्यात धर्मांतर आहे, प्रार्थना आहे. आणि तरी ते पान-पान भरले आहे ते सोवळ्याओवळ्याने, पैसे घेऊन बाहेर पडणाऱ्या आणि भलत्यावरच खर्चून येणाऱ्या नवऱ्याने, रुसव्यांनी, आजारपणांनी. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई मोडून पडल्या. सुमारे पाच वर्षे त्यांची वाट वेगळी राहिली. परत नवऱ्याजवळ राहू लागल्या तेव्हाही त्यांचा स्वयंपाक आणि पाणी वेगळे होते. मग एक दिवस त्यांच्या मनाने घेतले की हा भेद माणसांनी केलेला आहे, आणि त्यांनी कुणाच्याही हातचे खायला-प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. म्हणजे चर्चच्या दारापाशी येण्याआधी त्यांच्या विश्वासाचा मोठा पल्ला पाण्याच्या भांड्यापाशीच पार पडला होता. हे सांगताना त्या बोध सांगत नाहीत. स्वतःची फजिती सांगतात, आणि वाचणाऱ्याला आधी हसू येते.

आणखी एक गोष्ट गोड लेखांतून हटकून सुटते. मराठी ख्रिस्ती माणसाच्या इतिहासात विश्वासाने प्रथम घर मोडले आहे. टिळकांचे मोडले. १८५४ साली बेळगावात बाप्तिस्मा घेणाऱ्या बाबा पदमनजींनाही माहेरासारख्या आपल्या घराला पारखे व्हावे लागले. ‘अरुणोदय’ हे त्यांचे आत्मचरित्र त्या ताटातुटीची हकीकत आहे. शुभवर्तमानही याविषयी भाबडे नाही. मार्क लिहितो की येशूच्या नातलगांना त्याला वेड लागले आहे असे वाटले आणि ते त्याला धरून न्यायला निघाले. कुटुंब ही आपोआप पवित्र गोष्ट आहे असे मानणाऱ्यांनी हा भाग वगळूनच वाचलेला असतो. घरात जात शिकवली जाते, सुनेचा छळ शिकवला जातो, मुलीच्या ताटात कमी वाढायचे शिकवले जाते. ख्रिस्ती घरे याला अपवाद असल्याचे आम्हांला तरी आढळलेले नाही. तेव्हा ‘घराकडून शिका’ म्हणताना कोणत्या घराकडून आणि काय, हे विचारले पाहिजे.

येशूने स्वतः घरातल्या वस्तू भरपूर वापरल्या. तीन मापे पिठात कालवलेले खमीर, जुन्या वस्त्राला लावलेले नवे ठिगळ, हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई. यातल्या बाईचे झाडणे खरे झाडणे आहे. ती नाणे सापडल्यावर शेजारणींना हाक मारते. आणि उधळ्या मुलाच्या गोष्टीचा शेवट पाहा. धाकटा परतला, वासरू कापले, गाणेबजावणे सुरू झाले, आणि थोरला शेतावरून येऊन बाहेरच उभा. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. तो आत गेला की नाही, ते गोष्ट सांगत नाही. दोन हजार वर्षे तो अंगणात उभा आहे. ज्या घरांत वाटण्या झाल्या आहेत, आणि रायगडच्या किनाऱ्यावर जमिनीला बंगलेवाल्यांचे भाव आल्यापासून अशी घरे थोडी नाहीत, तिथे ही गोष्ट ऐकताना माणसे गप्प होतात. त्यांना धडा सांगावा लागत नाही.

असो. कोर्लईकडे परत जाऊ. परिषदेनंतर चर्चमधली उपासना मराठीत आली आणि ते योग्यच झाले. लोकांना कळणाऱ्या भाषेत देवाशी बोलता यावे याला कोण नाही म्हणेल? पण मराठी शाळा, मराठी मिस्सा, मुंबईतली नोकरी, घरातला टीव्ही या साऱ्यांनी मिळून नौ लिंगचा उंबरा अरुंद केला आहे. मुलाच्या शाळेसाठी आईने त्याच्याशी मराठीत बोलावे, यात दोष कुणाचा? इथे आमच्यापाशी उत्तर नाही, आणि बाहेरच्याने ते द्यावेही असे वाटत नाही. जी भाषा केवळ घराने सांभाळली तिला सोडून देण्याचा अधिकारही त्याच घराचा आहे. फक्त त्या भाषेत दटावण्याचा, समजूत घालण्याचा, झाकून ठेवलेल्या ताटाकडे बोट दाखवण्याचा जो विश्वास होता, तो मराठीत तसाच उतरेल असे गृहीत धरू नये एवढेच म्हणणे.

एका संध्याकाळी तिथल्या एका घरात आम्ही रोझरीच्या वेळी बसलो होतो. प्रार्थना मराठीत चालली होती. मध्येच नातवाने मांजराची शेपटी ओढली. आजीने मणी जिथे होता तिथेच बोटात धरून ठेवला, नातवाला नौ लिंगमध्ये तीन-चार वाक्ये सुनावली, त्याने मराठीत काहीतरी उत्तर दिले, ती हसली, आणि त्याच मण्यावरून पुढे म्हणू लागली.