टाइम आउट मार्केट: महाग की पैसे वसूल?



सूक अल बहारमधलं टाइम आउट मार्केट एप्रिल २०२१ मध्ये उघडलं. मूळ कल्पना लिस्बनची, २०१४ ची: एका छताखाली निरनिराळी किचन्स (इथे सुरुवातीला १७), मध्ये सामाईक टेबलं. इथे वर समोर बुर्ज खलिफा आणि कारंजी. त्यावरून आपल्यात अजूनही सरळ दोन तट आहेत.

एक म्हणतो, प्लेट एवढीशी नि बिल एवढं मोठं. तेवढ्यात करामात घरदार पोटभर जेवतं. दुसरा म्हणतो, मुलांना एक, आजीला दुसरं, भांडण नाही. शिवाय नावाजलेल्या किचन्सची चव एका फेरीत घेता येते.

माझ्या मते दोघंही बरोबर, फक्त हिशोब वेगळे. दोघांत तीन प्लेट वाटून घेतल्या तर पैसे वसूल. चौघं कडकडून भूक लागलेली असताना गेलात तर खिसा रिकामा. दर्जाही किचनगणिक बदलतो, तेव्हा आधी एकच प्लेट मागवा.

आणि हो, दिरहमाला रुपयांनी गुणणाऱ्यांना हसू नका. ज्याच्या पगारातून पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता जातो, त्याला तो गुणाकार करावाच लागतो. कारंजी काय, बाहेरून फुकटच दिसतात!