धुळघाटचा वळसा, देमोदराचा वळसा



लुंबिनीच्या प्रवासाबद्दल या सदरात लिहिले तेव्हापासून बरेच जण भेटले की विचारतात, "गुरुजी, परदेशातल्या त्या डोंगरातल्या रेल्वेगाड्या टीव्हीवर दाखवतात, तसले काही आपल्या ऐपतीत बसते का?" स्वित्झर्लंडचे नाव घ्यायला मी काही बसलेलो नाही. पण श्रीलंकेची डोंगरातली गाडी आपल्या ऐपतीत बसते, एवढे मी स्वतः जाऊन आल्यामुळे सांगू शकतो. २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही चौघे गेलो होतो. मी, सौ., थोरली बहीण आक्का आणि तिचा मुलगा. पैसा कुठून आला म्हणाल, तर अडीच वर्षांच्या भिशीतून आणि माझ्या निवृत्तीच्या रकमेतून थोडा.

आपल्या हिंगोलीकरांना डोंगरातली रेल्वे काही नवी नाही. नव्या पोरांना खरे वाटणार नाही, पण पूर्णा-खंडवा मीटरगेज होती तेव्हा हिंगोलीहून बसलेला माणूस अकोला, अकोट करीत मेळघाटच्या जंगलात शिरायचा. धुळघाटला रूळ डोंगराला वेढा घालून स्वतःच्याच डोक्यावरून जात. खाली ज्या रुळावरून आलो तो रूळ थोड्या वेळाने खिडकीतून खाली दिसायचा. पुढे खंडवा, मग पाताळपाणीचा घाट आणि महू. १४ एप्रिलला महूला जायचे तर हीच वाट. भाकरी-ठेचा फडक्यात बांधून, मांडीवर लेकरे घेऊन कितीतरी माणसे या वाटेने बाबासाहेबांच्या जन्मभूमीला गेली. पूर्णा-अकोला मार्ग २००८ मध्ये रुंद झाला, हिंगोलीला मोठी गाडी आली, आनंद झाला. अकोला-खंडवा मीटरगेज मात्र २०१७ च्या सुरुवातीला बंद पडली आणि धुळघाटचा वळसा आठवणीत गेला. आक्काने तो तीनदा पाहिलेला. तो आठवतच ती श्रीलंकेला निघाली, म्हणून आधी त्याची गोष्ट सांगितली.

आता कामाचे बोलू. पहिली गोष्ट पासपोर्ट. आक्का शाळेची पायरी चढलेली नाही, त्यामुळे शाळेचा दाखला नाही. आधार कार्डावर जी जन्मतारीख होती तीच चालली. आधार, पॅन, बँकेचे पुस्तक, सगळीकडे नाव एकसारखे आहे की नाही ते मात्र अर्ज करण्याआधी नीट पाहावे. आमच्या सौभाग्यवतींचे माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर, त्यात दीड महिना गेला. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा येऊ शकतो, त्याने घाबरू नये. ती अट ठरावीक अठरा देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांना लागू आहे, श्रीलंका त्यात नाही. शिवाय पन्नाशी उलटलेल्यांना तो शेरा लागत नाही. निघण्याच्या दिवशी पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून अधिक शिल्लक हवी.

श्रीलंकेत शिरण्यासाठी 'ईटीए' नावाची परवानगी आधी घ्यावी लागते. ती श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या खासगी जागा जास्तीचे पैसे उकळतात. शुल्क आणि सवलती वारंवार बदलतात, म्हणून आकडा देत नाही. मुंबई आणि चेन्नई दोन्हीकडून कोलंबोला विमान आहे. चेन्नईहून तर सव्वा-दीड तासाचा खेळ. पैशाचे म्हणाल तर आपल्या एका रुपयाला तिकडचे तीन रुपयांपेक्षा जास्त मिळतात. त्यामुळे हॉटेलचा आकडा पाहून पहिल्यांदा छाती दडपते आणि मग हिशेब केला की जीव भांड्यात पडतो.

गाडीच्या तिकिटाचे जरा सविस्तर सांगतो, कारण आम्ही तेथेच फसलो. कोलंबो फोर्ट स्टेशनहून बदुल्ल्याला जाणारा हा मार्ग सुमारे २९० किलोमीटरचा. काही गाड्या कँडी शहरात शिरतात, काही पेरादेनियाहून परस्पर पुढे जातात, हे तिकीट काढताना पाहावे. कँडी ते एल्ला हा सहा-सात तासांचा पट्टा सर्वांत देखणा, म्हणून त्यावर जगभरच्या पर्यटकांची झुंबड. आरक्षण साधारण महिनाभर आधी सुरू होते आणि जागा हां हां म्हणता संपतात. आम्हाला एका मोठ्या शहरातल्या सहल कंपनीवाल्याने "पहिला वर्ग, आरक्षित" म्हणून सांगितले आणि सगळी रक्कम आधीच घेतली. कँडीच्या फलाटावर हातात पडली ती विनाआरक्षित तिकिटे, ज्यावर ना डबा ना जागा! फोन लावला तर तिकडून "गाडीत अ‍ॅडजस्ट करा". अडसष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखणारी, तिने सहा तास कसे अ‍ॅडजस्ट करायचे? म्हणून सांगतो, डब्याचा आणि जागेचा क्रमांक असलेले तिकीट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. फलाटावर दलाल दुप्पट-तिप्पट भावाने तिकीट देऊ करतात, त्यांच्याही नादी लागू नये. आणि पहिल्या वर्गाचा सोस कशाला? वातानुकूलित डब्याच्या खिडक्या उघडत नाहीत. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्गाची आरक्षित जागा घ्यावी, काच वर करावी आणि डोंगराचा वारा खावा. भाडेही किरकोळ.

कँडीला आम्ही दोन दिवस होतो. दंतधातूचे विहार, म्हणजे दळदा मालिगावा, तेथेच आहे. पांढरे कपडे, गुडघे-खांदे झाकलेले, पायात जोडा नाही, डोक्यावर टोपी नाही. आक्काने विहारात त्रिसरण-पंचशील म्हणायला सुरुवात केली, तशी शेजारच्या सिंहली बायांनी मान वर करून पाहिले, कारण त्या पालीत तेच म्हणत होत्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. तिघी-चौघींनी मिळून ते पूर्ण केले. याच कँडीला मे १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब माईसाहेबांसह आले होते. तेथून कोलंबोला गेल्यावर टाऊन हॉलच्या सभेत त्यांनी तेथील अस्पृश्यांनाही धम्म स्वीकारण्याचे आवाहन केले. तेथे अस्पृश्य कोण, असा प्रश्न मला पडला होता. त्याचे उत्तर मला दुसऱ्या दिवशी गाडीत मिळाले.

तरुणांसाठी एक सूचना येथेच सांगून टाकतो. आपल्याकडे हातावर भगवान बुद्धांचे चित्र गोंदवून घेतात, टी-शर्टवरही मूर्ती असते, ते श्रद्धेने असते. श्रीलंकेत तो अपमान समजला जातो. २०१४ मध्ये एका ब्रिटिश महिलेला दंडावरच्या अशाच गोंदणामुळे देशाबाहेर काढले होते. गोंदण असेल तर पूर्ण बाहीचा सदरा घालावा. मूर्तीकडे पाठ करून फोटो काढणेही तेथे चालत नाही. आणि पौर्णिमेला तेथे सुट्टी असते. त्या दिवशी दारू विकत नाहीत, कचेऱ्या बंद, गाड्यांना तोबा गर्दी. त्या दिवशी प्रवास टाळलेला बरा.

तर कँडीहून गाडी सुटली आणि आम्ही दाराजवळ उभे. आक्का ट्रंकेवर टेकायला गेली, तेवढ्यात एका सावळ्या, हडकुळ्या बाईने उठून तिला हात धरून आपल्या जागी बसवले. ती हॅटनला चालली होती. तमिळ बोलत होती. भाच्याने चेन्नईत दोन वर्षे नोकरी केलेली, त्यामुळे मोडके-तोडके बोलणे जमले. चहाच्या मळ्यात ती पाने खुडते. तिची आई खुडायची, आजीही खुडायची.

खिडकीबाहेर तोवर चहा सुरू झाला होता. डोंगरच्या डोंगर हिरवे, जणू कुणी विंचरून ठेवलेले. पर्यटक पोरे-पोरी "वा, वा" करीत दाराबाहेर लोंबकळत होती. आक्का मात्र वेगळेच पाहत होती. उतारावर रांगेने बायका उभ्या, पाठीवर ओझे, ओझ्याचा पट्टा कपाळावरून घेतलेला. आक्काने जन्मभर दुसऱ्याच्या रानात कापूस वेचला. ती म्हणाली, "अरे, ही तं आपल्यावाणीच हाय की. वटीत कापूस आन् हिच्या पाठीवर पाला. मान किती दुखत आसंल रे हिची!" भाच्याने ते तमिळमध्ये सांगितले. ती बाई हसली आणि तिने स्वतःची मान चोळून दाखवली.

ही रेल्वे मुळात डोंगर पाहायला बांधलेली नाही. इंग्रजांच्या मळ्यांतली कॉफी बंदरावर नेण्यासाठी १८६७ मध्ये ती कँडीपर्यंत आली. रोगाने कॉफी गेली, चहा आला, आणि रूळ वर वर चढत १९२४ मध्ये बदुल्ल्याला पोहोचले. मळ्यांत राबायला तमिळनाडूतून मजूर आणले, त्यांतले बहुसंख्य तिथल्या अस्पृश्य जातींचे. समुद्र ओलांडायचा आणि मग रानातून पायी चालत डोंगर गाठायचा, त्यात कित्येक वाटेतच मेले. १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्वाच्या कायद्याने या लाखो माणसांना कोणत्याच देशाचे ठेवले नाही. बाबासाहेब टाऊन हॉलमध्ये बोलले तेव्हा ही माणसे अशी अधांतरी होती. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो कराराने काहींना भारतात पाठवायचे, काहींना तेथे ठेवायचे ठरले. उरलेल्यांचा प्रश्न सुटायला २००३ साल उजाडले. अजूनही पुष्कळ कुटुंबे 'लाइन' म्हणजे इंग्रजी काळातल्या चाळीतल्या एका खोलीत राहतात. २०२४ मध्ये मळ्यातली मूळ रोजंदारी १,३५० श्रीलंकन रुपये ठरली, म्हणजे आपले चारशेसुद्धा नाहीत.

हॅटनला ती उतरली. उतरताना आक्काने पिशवीतली शेंगदाण्याची चटणी तिच्या हातात कोंबली. नाव विचारायचे राहून गेले.

पुढे गारठा वाढत जातो. नानू ओयानंतर गाडी पट्टीपोळाला सहा हजार फुटांवर चढते, तेव्हा शाल-स्वेटर वरच्या पिशवीत असू द्यावे, तळाला नको. डब्यात डाळवडे घेऊन विक्रेते येतात. झणझणीत असतात, पण कोळंबी लावलेले वडेही त्यांच्याचकडे असतात, न खाणाऱ्यांनी विचारून घ्यावे. बऱ्याच भाज्यांतही सुक्या मासळीचा चुरा असतो. दाराबाहेर लोंबकळून फोटो काढू नये. बोगदे चाळीसहून अधिक आहेत आणि या हौसेपायी पर्यटक जिवानिशी गेलेले आहेत. खिडकीतूनही तेवढेच दिसते. आम्हाला नानू ओयाला बसायला जागा मिळाली. आगगाडीला सिंहलीत 'दुम्रिय' म्हणतात, म्हणजे धुराची गाडी. आक्काला तो शब्द फार आवडला. घरी आल्यावर ती हिंगोली-अकोला गाडीलाही दुम्रियच म्हणू लागली.

एल्ल्याला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी बदुल्ल्याच्या गाडीत बसलो. आधी नऊ कमानींचा पूल लागतो, दगड-विटांचा. त्यानंतर देमोदरा स्टेशन. येथे गाडी स्टेशनातून निघते, डोंगराला वेढा घालते आणि थोड्या वेळाने त्याच स्टेशनाच्या पोटाखालच्या बोगद्यातून पार होते. मळ्यावरचा एक मुकादम डोक्याचा फेटा सोडून पुन्हा गुंडाळत होता, ते पाहून इंजिनिअरला हा वळसा सुचला, असे तेथील लोक सांगतात. खरे-खोटे कोण जाणे. गाडी वळू लागली तशी आक्का खिडकीला नाक लावून बसली. बोगद्यातून बाहेर आल्यावर वर स्टेशन दिसले आणि ती भर डब्यात ओरडली, "धुळघाट!" समोरचे गोरे जोडपे दचकले.

आता जाणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस 'दित्वा' चक्रीवादळाने श्रीलंकेत हाहाकार केला. सहाशेहून अधिक माणसे गेली, डोंगराळ भागात दरडी कोसळल्या आणि या लोहमार्गाचेही फार नुकसान झाले. म्हणून विमानाचे तिकीट काढण्याआधी श्रीलंका रेल्वेकडून कोणता टप्पा चालू आहे याची खात्री करून घ्यावी. एखादा टप्पा बंद असेल तर तेवढ्यापुरती बस करता येते.

वादळाची बातमी टीव्हीवर लागली त्या रात्री आक्काचा फोन आला. दरडीखाली गेलेल्या चाळी दाखवत होते. ती म्हणाली, "त्या हॅटनच्या बाईचं घर ऱ्हायलं आसंल का रे? तिचं नाव तरी इचारायला पायजे व्हतं."