सल्ला देणाऱ्या ॲपचेही सर्वेक्षण व्हावे

कीड व्यवस्थापनात औषधाइतकेच महत्त्व वेळेला आहे. कपाशीवरील गुलाबी बोंडअळी अंड्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात कळीत, फुलात किंवा बोंडात शिरते. एकदा ती आत गेली की फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. भातावरील खोडकिड्याचेही तसेच आहे. अशा किडींच्या बाबतीत उशिरा मिळालेला सल्ला आणि न मिळालेला सल्ला यांत फारसा फरक उरत नाही. आज हा सल्ला मुख्यतः मोबाइलच्या मार्गाने जातो. मात्र आपल्या अहवालांत ॲप किती जणांनी उतरवून घेतले याची संख्या असते. ते शेताच्या बांधावर किती सेकंदांत उघडते आणि किती वेळा मध्येच बंद पडते, याची नोंद सहसा नसते. जी शिस्त आपण किडींच्या सर्वेक्षणात पाळतो, तीच सल्ला पोहोचविणाऱ्या साधनांच्या बाबतीतही पाळली पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

संदेशापासून छायाचित्रापर्यंत

महाराष्ट्रात २००८ च्या खरिपात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. शेतातील निरीक्षणे संगणकावर एकत्र करायची, कृषी विद्यापीठांतील तज्ज्ञांनी ती पाहून सल्ला तयार करायचा आणि तो लघुसंदेशाने शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवायचा, अशी त्याची रचना होती. देवनागरी लिपीतील एका लघुसंदेशात जेमतेम ७० अक्षरचिन्हे मावतात. पण हीच मर्यादा उपकारक ठरली. साध्या फोनवर आणि क्षीण नेटवर्कवरही तो संदेश पोहोचत असे.

१५ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली सुरू केली. तिच्यात शेतकरी किडीचे छायाचित्र पाठवतो आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने ओळख व सल्ला मिळवतो. ही निश्चितच प्रगती आहे. परंतु ७० अक्षरांच्या जागी छायाचित्र आले, तेव्हा साधनाचे वजनही हजारो पटींनी वाढले, याचे भान ठेवले पाहिजे.

एक साधा हिशेब पाहू. कॅमेऱ्यातून निघालेले मूळ छायाचित्र ४ एमबीचे असेल आणि शेतातील नेटवर्कची माहिती वर पाठविण्याची गती सेकंदाला २५६ किलोबिट असेल, तर ते पोहोचण्यास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. मध्येच नेटवर्क तुटले आणि ॲपने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तर तेवढाच वेळ पुन्हा. तेच छायाचित्र पाठविण्यापूर्वी ॲपने २०० केबीपर्यंत लहान केले, तर काम सहा-सात सेकंदांत होते. पानावरील अळी ओळखण्यास इतका तपशील बहुधा पुरतो. तो कोणत्या किडीसाठी पुरतो आणि कोणत्या किडीसाठी नाही, हे ठरविणे मात्र कीटकशास्त्रज्ञाचे काम आहे.

सरासरी फसवते

भातावरील तपकिरी तुडतुडे शेतभर सारखे पसरत नाहीत. ते ठिकठिकाणी गोल चट्ट्यांत वाढतात. संपूर्ण शेताची सरासरी काढली तर संख्या सुरक्षित दिसते आणि मधला चट्टा मात्र करपून जातो. ॲपच्या कामगिरीचेही असेच होते. मी राहतो त्या भिलाईच्या रुआबांधा भागात जे पान क्षणार्धात उघडते, तेच पाटण किंवा धमधा परिसरातील एखाद्या भातखाचरात बराच वेळ पांढरे राहते. शहरातील नव्या फोनवरच्या आणि खेड्यातील जुन्या फोनवरच्या नोंदी एकत्र करून काढलेली सरासरी कोणाचीच खरी स्थिती सांगत नाही.

म्हणूनच गूगलने २०२० मध्ये संकेतस्थळांसाठी मांडलेले निकष सरासरीवर आधारलेले नाहीत. पानावरील मुख्य मजकूर किंवा चित्र २.५ सेकंदांच्या आत दिसावे, ही त्यांतील पहिली अट. आणि ती शंभरांपैकी किमान ७५ भेटींत पूर्ण व्हावी लागते. बोट लावल्यावर पडद्याने २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद द्यावा, हा निकष मार्च २०२४ पासून त्यांत आला. तिसरा निकष पान उघडताना मजकूर जागेवरून सरकू नये, हा आहे. शेतकरी ‘मात्रा’ या शब्दावर बोट ठेवतो, तोच वरून चित्र उतरते आणि भलतेच पान उघडते, हा अनुभव अनेकांना असेल.

प्रयोगशाळा आणि शेत हा भेद येथेही लागू पडतो. ‘पेजस्पीड इनसाइट्स’ या विनामूल्य साधनात संकेतस्थळाचा पत्ता दिला की दोन प्रकारची माहिती मिळते. एक, ठरावीक फोन व नेटवर्क गृहीत धरून घेतलेली चाचणी, म्हणजे आपली प्रयोगशाळा. दुसरी, गेल्या २८ दिवसांत प्रत्यक्ष वापरकर्त्यांना आलेला अनुभव, म्हणजे शेतावरील चाचणी. मात्र कमी वाचक असलेल्या संकेतस्थळांना ही दुसरी माहिती मिळतच नाही, आणि जिल्हा पातळीवरील अनेक कृषी संकेतस्थळे याच गटात मोडू शकतात. शिवाय कामगंध सापळ्यात जसे केवळ नर पतंग सापडतात, तसे या मोजणीत प्रामुख्याने टिकून राहिलेले वापरकर्तेच सापडतात. पान उघडण्यापूर्वीच कंटाळून फोन खिशात ठेवणारा शेतकरी कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. त्याला शोधण्यासाठी शेतावरच जावे लागते.

आर्थिक नुकसान पातळी ॲपलाही हवी

गुलाबी बोंडअळीसाठी सलग तीन रात्री प्रति सापळा आठ पतंग, ही पातळी आपल्याला पाठ आहे. पातळी ठरलेली असल्यामुळेच निर्णय घेता येतो. ॲपच्या बाबतीत अँड्रॉइडने अशा पातळ्या दिलेल्या आहेत. ॲप वापरणाऱ्यांपैकी १.०९ टक्क्यांहून अधिक जणांना एका दिवसात ते अचानक बंद पडल्याचा अनुभव आला, किंवा ०.४७ टक्क्यांहून अधिक जणांना ते गोठल्याचा अनुभव आला, तर ती कामगिरी वाईट समजली जाते आणि प्ले स्टोअरमध्ये ते ॲप मागे पडू शकते. हे आकडे ॲपच्या मालक संस्थेला तिच्या खात्यात दिसतात. ते मासिक अहवालात का येऊ नयेत?

हंगामी ताणाचाही विचार हवा. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ रोजी ई-पीक पाहणी ॲप राज्यभर सुरू झाले. सर्व्हरवर ताण येत असल्याच्या तक्रारी वेळोवेळी वृत्तपत्रांतून आल्या आणि नोंदणीला मुदतवाढही मिळाली. नोंदणीची मुदत वाढविता येते. अळीची अवस्था लांबविता येत नाही. कीड उद्रेकाच्या आठवड्यात सर्वजण एकाच वेळी सल्ल्याकडे धाव घेतात. हंगामापूर्वी आपण फवारणी पंपाचे नोझल तपासतो, त्याप्रमाणे मृगापूर्वीच ॲपवर कृत्रिम भार टाकून त्याची चाचणी घेतली पाहिजे.

बांधावरील नोंदवही

हे सर्व संगणक अभियंत्यांचे काम आहे, असे काही सहकारी म्हणतात. दुरुस्ती त्यांचीच, हे खरे. पण लक्षण प्रथम दिसते ते कृषी सहायकाला. नेटवर्क आपल्या हाती नाही, असाही आक्षेप येतो. तोही खरा, परंतु ॲपचे वजन आपल्याच हाती आहे. पाऊस हाती नसतो, तरी आपण वाण निवडतोच.

त्यासाठी सर्वेक्षणाचीच पद्धत वापरावी. प्रत्येक मंडळात दोन निश्चित जागा निवडाव्यात: एक गावात, एक शेतात. आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी, परिसरात सर्रास वापरात असलेल्या साध्या फोनवर तीन कामे करून पाहावीत: सल्ल्याचे पान उघडणे, एक छायाचित्र पाठविणे, उत्तर मिळविणे. प्रत्येक कामास लागलेले सेकंद, अपयशी प्रयत्न, फोनचे मॉडेल आणि नेटवर्कची स्थिती वहीत लिहावी. सुरुवातीची पातळी म्हणून मी असे सुचवेन: सल्ल्याचा मजकूर पाच सेकंदांत दिसावा, छायाचित्र अर्ध्या मिनिटात स्वीकारले जावे आणि दहा प्रयत्नांत एकाहून अधिक अपयश नसावे. सलग दोन आठवडे ही पातळी ओलांडली गेली, तर दुरुस्तीची मागणी लेखी जावी.

संस्थांनी आपल्या बाजूने चार गोष्टी कराव्यात. सल्ल्याचा मजकूर आधी आणि चित्रे नंतर येतील अशी पाने रचावीत. मराठी मजकूर चित्राच्या रूपात टाकू नये; तो अक्षरांतच द्यावा आणि शक्यतो फोनमधील उपलब्ध टंकातच दिसू द्यावा. नेटवर्क नसताना शेवटचा सल्ला त्याच्या दिनांकासह वाचता यावा आणि काढलेले छायाचित्र फोनमध्ये जपले जाऊन नंतर आपोआप जावे. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: ॲप तयार करून घेताना निविदेतच वेग व बिघाडाची कमाल मर्यादा लिहावी, आणि देयकाचा काही भाग शेतावरील चाचणीनंतरच द्यावा.

आणि लघुसंदेश बंद करण्याची घाई करू नये. ज्या गावात ॲप ठरलेली पातळी गाठत नाही, तेथे ७० अक्षरांतला अचूक सल्ला आजही अधिक उपयोगी आहे. येत्या खरिपात आपल्या मंडळातील निरीक्षणाच्या तक्त्यात किडींच्या रकान्यांशेजारी एक रकाना वाढवावा: सल्ला उघडण्यास किती सेकंद लागले?