दवाखान्यातली गादी : चादर उचलून पाहा

रुग्णाला भरती करताना तुम्ही डॉक्टर कोण, खर्च किती, हे विचारता. रुग्ण ज्या गादीवर दिवसरात्र पडून राहणार, ती मात्र चादरीखाली झाकलेली असते. सोनगीरहून 20 किलोमीटरवरच्या धुळ्याला रुग्ण नेताना घरची गोधडी सोबत घेतली जाते. पण तिच्याखालची गादी कोणी पाहत नाही.

फरीदकोटमध्ये काय घडले?

29 जुलै 2022 रोजी पंजाबचे तेव्हाचे आरोग्यमंत्री चेतन सिंग जौरामाजरा यांनी फरीदकोटच्या सरकारी रुग्णालयात कुलगुरू डॉ. राज बहादूर यांना कॅमेऱ्यासमोर खराब गादीवर झोपायला लावले. कुलगुरूंनी राजीनामा दिला. चर्चा अपमानाची झाली, गादीचा प्रश्न मागे पडला. गादी एका दिवसात खराब होत नाही. ती नियमित तपासायची, फाटली की बाद करायची आणि नवी मागवायची, ही साखळी कुठेतरी तुटलेली असते. सरकारी रुग्णालयात जुनी वस्तू काढायला निर्लेखनाची प्रक्रिया लागते. ती रखडली की फाटकी गादीच वापरात राहते. केंद्राच्या 2015 पासूनच्या ‘कायाकल्प’ योजनेत स्वच्छतेला गुण मिळतात. पण वर्षातून एकदा होणारी तपासणी रोजच्या पाहणीची जागा घेऊ शकत नाही.

धोका कशाचा?

रेक्झिनचे कव्हर फाटले की रक्त, लघवी, जखमेचा स्राव आतल्या फोममध्ये किंवा कापसात मुरतो. वरून पुसले तरी आतले जंतू जात नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही 2013 मध्ये अशा गळक्या कव्हरांबद्दल रुग्णालयांना सावध केले होते. दुसरा धोका दाबामुळे होणाऱ्या जखमांचा, म्हणजे बेडसोअरचा. बसलेल्या गादीवर माकडहाड आणि टाचांवर सतत दाब येतो. खानदेशच्या उन्हाळ्यात रेक्झिनवर घाम साचून त्वचा लवकर सोलवटते.

तुम्ही काय पाहाल?

- चादर काढून कव्हरला चीर, भोक, उसवलेली शिवण किंवा डाग आहे का, ते पाहा. चेन असेल तर सिस्टरना ती उघडून आतला फोम दाखवायला सांगा.
- गादीच्या मध्यावर मूठ दाबा. खालची लोखंडी पट्टी हाताला लागली, तर गादी बसली आहे.
- हवेच्या गादीवर रुग्ण झोपलेला असताना कमरेच्या पातळीवर गादीखाली तळहात सरकवा. रुग्णाचे हाड हाताला जाणवत असेल, तर हवा कमी आहे. हवेची गादी असली तरी साधारण दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते.
- आधीचा रुग्ण गेल्यावर गादी जंतुनाशकाने पुसून वाळवली का, ते विचारा.

तक्रार कुठे कराल?

आधी वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना शांतपणे सांगा. साफसफाई करणाऱ्या मावशींवर रागावू नका. नवी गादी मागवणे त्यांच्या हातात नसते. दखल घेतली नाही तर वैद्यकीय अधीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. खासगी रुग्णालयांना 2021 च्या सुधारित नियमांनुसार रुग्ण हक्कांची सनद लावणे बंधनकारक आहे. स्थानिक प्रशासनाकडे तक्रार निवारण कक्षही असतो. वृद्धाश्रमात भेटायला जाल तेव्हाही हीच पाहणी करा.

माकडहाड, टाच किंवा खुब्यावर लाली दिसली आणि बोटाने दाबूनही ती फिकी झाली नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. त्या जागी चोळू नका.